पाऊल पुन्हा मैदानात पडावे म्हणून

खर्डा हे नाव महाराष्ट्राला ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे ठाऊक आहे. नाना फडणविसांनी एकत्र आणलेल्या मराठी फौजांनी इथे निजामाचा पराभव केला आणि निजाम अलीला खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. आज जामखेड तालुक्यातल्या या गावाच्या आसपास, तसेच आष्टी, पाटोदा, भूम या शेजारच्या तालुक्यांत, पहाटेच्या अंधारात मुले-मुली रस्त्याच्या कडेने पळताना दिसतात. कुणाला पोलीस व्हायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि त्या काही मिनिटांवर घराची पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात. संध्याकाळी तालमीत जोर-बैठका चालतात, शाळेच्या मैदानावर कबड्डी आणि खो-खोचे डाव रंगतात. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या या पट्ट्यात धावणारे पाऊल हे घराचे भांडवल आहे.

ते पाऊल मोडले तर काय करावे, शस्त्रक्रिया कधी लागते, कधी लागत नाही, आणि खेळाडू परत मैदानात कसा व केव्हा उतरतो, याचे शास्त्र म्हणजे हा विषय. अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, क्रीडाशिक्षक, तालमीतले वस्ताद, भरतीचे ‘ग्राउंड’ करून घेणारे मार्गदर्शक, आणि खुद्द खेळाडू व त्याचे आईवडील, या सगळ्यांना या विषयात शिरता यावे यासाठी ही प्रस्तावना आहे. वैद्यकाची पदवी नसलेल्या वाचकाने बिचकण्याचे कारण नाही. विषयाचा गाभा समजायला दोन गोष्टी पुरतात: आपल्या पावलाकडे नीट पाहण्याची तयारी आणि धीर.

मांडायचा मुद्दाही सुरुवातीलाच सांगतो. पावलाच्या अस्थिभंगात हाड ‘किती’ मोडले यापेक्षा ते ‘कुठे’ मोडले याला जास्त महत्त्व आहे. अर्ध्या इंचाच्या फरकाने एक खेळाडू साध्या बुटात दीड महिन्यात बरा होतो आणि दुसऱ्याला स्क्रू बसवावा लागतो. शल्यचिकित्सक तुकडे जुळवून धरतो. ते सांधायचे काम शरीर करते आणि त्याला लागेल तेवढा वेळ घेते. भरतीच्या किंवा स्पर्धेच्या तारखेने ते काम लवकर उरकत नाही.

आता पावलाची रचना पाहू. एका पावलात २६ हाडे असतात. घोट्याखाली टॅलस, त्याखाली टाचेचे कॅल्केनियस. पुढे नेव्हिक्युलर, क्युबॉइड आणि तीन क्युनिफॉर्म. त्यांच्यापुढे पाच लांब मेटाटार्सल. आणि शेवटी बोटांची १४ हाडे. शिवाय अंगठ्याच्या मुळाखाली वाटाण्याएवढी दोन सेसमॉइड हाडे असतात. ही सगळी हाडे अस्थिबंधांनी आणि स्नायूंनी बांधून पावलाची कमान तयार होते. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीकडून परत येतो. ही कमान तो झेलते आणि लगेच घट्ट होऊन शरीर पुढे ढकलते. १६०० मीटरच्या एका फेरीत हे हजाराहून अधिक वेळा घडते.

हाड दोन प्रकारांनी मोडते. पहिला प्रकार सर्वांच्या परिचयाचा: कबड्डीत चढाई करताना पाय अडकला, खो-खोत वळताना पाऊल बाहेरच्या बाजूला मुरगळले, कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचे अंग पावलावर आले, आणि त्याच क्षणी हाड गेले. दुसरा प्रकार फसवा आहे. हाड जिवंत पेशींचे बनलेले असते. रोजच्या भाराने त्यात अतिसूक्ष्म चिरा पडतात, शरीर जुना भाग काढून तिथे नवा भरते, आणि त्यातून हाड अधिक बळकट होते. पण भरतीची जाहिरात निघाली म्हणून एखाद्या मुलाने एकदम दुप्पट-तिप्पट पळायला सुरुवात केली, तर झीज पुढे जाते आणि भरणी मागे पडते. चीर वाढत जाते. हेच स्ट्रेस फ्रॅक्चर. इथे पडणे नसते, मार नसतो; ‘कधीपासून दुखतंय’ असे विचारले तर दिवस सांगता येत नाही. सुरुवातीला दुखणे फक्त पळताना होते, मग पळून झाल्यावरही राहते, मग चालतानाही जाणवते. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये काही दिसतही नाही, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून मुलगा परत ग्राउंडवर जातो.

या ज्ञानाचा मोठा भाग सैन्यांकडून आला आहे. खर्ड्याच्या लढाईच्या काळात जगात कुठेही पावलाच्या मधल्या भागाचा चुराडा झाला, जखम चिघळली, तर जीव वाचवायला पाऊल कापणे हाच उपाय असे. खर्ड्यानंतर बरोबर २० वर्षांनी, १८१५ मध्ये, जाक लिस्फ्रँक या फ्रेंच शल्यचिकित्सकाने मेटाटार्सल आणि त्यांच्यामागची हाडे यांच्या सांध्यांतून पाऊल झटपट कापण्याची पद्धत मांडली. ज्या सांध्यातून ते पाऊल कापत, तो सांधा आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि आजचे शल्यचिकित्सक तोच सांधा वाचवण्यासाठी तासन्‌तास खपतात. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लांब संचलनानंतर सैनिकांच्या पावलांना येणारी वेदना आणि सूज नोंदवली. कारण मात्र त्या वेळी कळू शकले नाही. नोव्हेंबर १८९५ मध्ये रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले, आणि १८९७ मध्ये त्या सुजेमागे मेटाटार्सलची चीर असते हे एक्स-रेवर दिसले. आज भरतीसाठी पळणाऱ्या मुलाच्या पावलात जे सापडते, ते हेच.

याच काळातले आणखी एक नाव इथल्या वाचकाला जवळचे वाटेल. लिव्हरपूलचे डॉ. रॉबर्ट जोन्स नाचत असताना त्यांचे स्वतःचे पाऊल मोडले. एक्स-रे काढला तेव्हा करंगळीच्या मागचे, म्हणजे पाचवे, मेटाटार्सल तुटलेले दिसले. १९०२ मध्ये त्यांनी या अस्थिभंगाचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून तो ‘जोन्स फ्रॅक्चर’ झाला. जोन्स ज्यांच्या हाताखाली शिकले ते त्यांचे नातलग ह्यू ओवेन थॉमस. थॉमस यांचे वडील आणि त्याआधीच्या पिढ्या वेल्समधल्या हाडवैद्यांच्या होत्या. मोडलेल्या अवयवाला पूर्ण आणि दीर्घ विश्रांती द्यायची, हा या घराण्याचा धडा जोन्स यांनी आधुनिक अस्थिशल्यात आणला. आपल्याकडेही सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे १२ आणि सांधा निखळण्याचे ६ प्रकार सांगितले आहेत, आणि गावोगावी हाडवैद्यांची परंपरा आहे. त्या हातांच्या अनुभवाचा आदर राखूनही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नुकत्याच सुजलेल्या पावलावर करकचून पट्टी किंवा बांबूच्या चिपा बांधल्या तर आतला दाब वाढून स्नायू मरू शकतात. सूज असलेल्या पावलाला मालीशही नको. आधी एक्स-रे, बाकी सगळे त्यानंतर.

आता ‘कुठे मोडले’ या प्रश्नाकडे वळू. यासाठी पाचवे मेटाटार्सल हा सर्वांत चांगला धडा आहे. तुमच्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर, टाच आणि करंगळी यांच्या साधारण मध्यावर, बोट फिरवा. तिथे हाडाचा एक उंचवटा लागेल. पाऊल आत मुरगळले की या उंचवट्याला जोडलेल्या ऊतींचा झटका बसतो आणि हाडाचे टोक उपटून येते. हा पहिला टप्पा. इथे रक्तपुरवठा चांगला असतो. टणक तळव्याचा बूट घालून, सोसेल तेवढे वजन देत, बहुतेक खेळाडू सहा ते आठ आठवड्यांत बरे होतात. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

त्याच उंचवट्यापासून बोटांच्या दिशेने अर्धा-पाऊण इंच पुढे सरका. इथे दुसरा टप्पा येतो, जोन्स फ्रॅक्चरचा. आणि त्याच्या किंचित पुढे तिसरा, स्ट्रेस फ्रॅक्चरचा. हाडाला एका बाजूने मुळाकडून आणि दुसऱ्या बाजूने दांड्याच्या आतून रक्त मिळते, आणि दोन्ही पुरवठे या पट्ट्यात येईपर्यंत क्षीण होतात. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आवर्तन सुटले तरी शेवटच्या शेतापर्यंत पाणी कमीच पोचते. म्हणून इथे हाड हळू जुळते, कधी जुळतच नाही, आणि जुळले तरी खेळायला लागल्यावर पुन्हा तुटू शकते. प्लास्टर घालून सहा ते आठ आठवडे पाय अजिबात न टेकवता उपचार करता येतात, आणि बैठे काम करणाऱ्या माणसासाठी तो योग्य पर्यायही असतो. परंतु खेळाडूच्या बाबतीत तज्ज्ञ बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला देतात.

ती शस्त्रक्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. कमरेखालचा भाग बधिर केला जातो. पावलाच्या बाहेरच्या कडेला, उंचवट्याच्या मागे, इंचभराचा छेद घेतात. तिथून जाणारी संवेदनेची बारीक नस हळुवारपणे बाजूला घेतात. ती दुखावली तर पावलाच्या कडेला कायमचा बधिरपणा राहू शकतो. मग सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत हाडाच्या मुळातून एक बारीक तार आतल्या पोकळीत सरकवतात. सगळे कौशल्य या तारेच्या प्रवेशबिंदूत आहे: जरा वर, जरा आत. हाड किंचित वाकलेले असल्याने तार चुकीच्या कोनात गेली तर ती दुसरी भिंत फोडते. समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून ती मधोमध दिसली की तिच्यावरून पोकळी कोरून त्या हाडात घट्ट बसेल असा स्क्रू घालतात. स्क्रूचे सगळे आटे तुटीच्या पलीकडे गेले पाहिजेत, तरच तुटीच्या दोन्ही कडा एकमेकींवर आवळल्या जातात. स्क्रू बारीक पडला तर तो वाकतो किंवा मोडतो. फार लांब पडला तर वक्र हाडाला सरळ करू पाहतो आणि तुटीत फट पाडतो. हे सगळे साधारण तासाभरात होते. खेळ चालू असेपर्यंत हा स्क्रू सहसा काढत नाहीत.

आणि तरीही खात्री नसते. केव्हिन ड्युरँट या अमेरिकेच्या विख्यात बास्केटबॉलपटूला ऑक्टोबर २०१४ मध्ये जोन्स फ्रॅक्चर झाले. स्क्रू बसवला, डिसेंबरच्या सुरुवातीला तो खेळू लागला. फेब्रुवारी २०१५ मध्ये स्क्रूचे डोके शेजारच्या हाडावर घासत असल्याने पुन्हा शस्त्रक्रिया झाली; मार्चमध्ये हाड जुळत नसल्याचे स्पष्ट झाले आणि तिसऱ्या वेळी दुसरीकडचे हाड आणून तिथे भरावे लागले. जगातली उत्तम वैद्यकीय सेवा त्याच्या दिमतीला होती. पुढचा हंगाम त्याने पूर्ण ताकदीने खेळला, ही या कथेची चांगली बाजू. पण तिथवर पोचायला त्याला एका हंगामाचा मोठा भाग घालवावा लागला.

पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या पुढे, नेव्हिक्युलर असते. वेगाने धावणारे आणि उड्या मारणारे खेळाडू याच्या स्ट्रेस फ्रॅक्चरला बळी पडतात, कारण पाऊल जोराने ढकलताना हे हाड पुढच्या-मागच्या हाडांच्या चिमटीत सापडते, आणि त्याच्या मधल्या तिसऱ्या भागात रक्त कमी असते. घोट्यासमोर, पावलाच्या वरच्या भागावर, एका बोटाने दाबल्यावर नेमकी कळ येत असेल तर एक्स-रे स्वच्छ असला तरी एमआरआय किंवा सीटी स्कॅन करावा. चीर अर्धवट असेल तर सहा आठवडे पाय न टेकवता प्लास्टर. आरपार असेल किंवा सरकली असेल तर आडवे स्क्रू. मैदानात परतायला चार ते सहा महिने धरावेत. दुखणे अंगावर काढून खेळणाऱ्या खेळाडूचे या हाडाने मोठे नुकसान केले आहे. चीनचा उत्तुंग बास्केटबॉलपटू याओ मिंग याच्या डाव्या पावलाला २००८ मध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर झाले, शस्त्रक्रियेनंतर तो त्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिक खेळला, २००९ मध्ये ते पाऊल पुन्हा गेले आणि जुलै २०११ मध्ये वयाच्या तिशीतच त्याने निवृत्ती घेतली.

लिस्फ्रँकच्या सांध्याची दुखापत ही सर्वांत जास्त निसटणारी. टाच उचललेली असताना कुणी मागून अंगावर पडले, तर पावलाच्या कमानीची मुख्य बांधणी तुटते. हाड मोडलेले दिसेलच असे नाही. झोपवून काढलेल्या एक्स-रेत हाडे जागच्या जागी दिसतात, आणि ‘लचक भरली आहे’ म्हणून क्रेप बँडेज देऊन रुग्ण घरी जातो. तळव्यावर, कमानीच्या मध्यावर, जांभळा डाग उमटला असेल तर सावध व्हावे. उभे राहून, दोन्ही पायांवर वजन देऊन काढलेल्या एक्स-रेत पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलच्या मुळांमधली फट उघडी पडते. दोन मिलिमीटरची फटही खेळाडूसाठी मोठी असते. स्क्रू, प्लेट किंवा मजबूत दोऱ्याने ती मिटवतात. काही रुग्णांत सांधा कायमचा जोडून टाकणे अधिक हिताचे ठरते. परतायला सहा महिने ते वर्ष लागते. ही दुखापत सुटली तर कमान बसते, संधिवात सुरू होतो आणि खेळच काय, शेतात चालणेही जड जाते.

टॅलस आणि टाचेचे हाड यांचा सविस्तर विचार इथे करत नाही. एवढेच पुरे, की टॅलसला रक्त कमी मिळते, त्यामुळे ते जागेवरून सरकले तर तातडीने जुळवावे लागते. आणि विहिरीवरून किंवा झाडावरून पडून टाच मोडलेल्या माणसाचा पाठीचा कणाही तपासावा लागतो.

प्रत्येक अस्थिभंगाला शस्त्रक्रिया लागत नाही, हे सांगणारी दोन उदाहरणे आपल्या घरातली आहेत. २००१ मध्ये सचिन तेंडुलकरच्या उजव्या अंगठ्याखालच्या सेसमॉइडला अस्थिभंग झाला. १९८९ च्या पदार्पणापासून सलग ८४ कसोटी खेळलेला हा फलंदाज त्या वर्षी श्रीलंकेच्या दौऱ्यावर जाऊ शकला नाही. सेसमॉइड काढून टाकले तर अंगठ्याची ताकद घटते, म्हणून तिथे आधी विश्रांती आणि भार कमी करणारी गादी यांवरच भर असतो. नोव्हेंबर २००१ मध्ये ब्लूमफाँटेनला त्याने १५५ धावा केल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगलीच्या स्मृती मानधनाच्या पायाच्या बोटाला अस्थिभंग झाला आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्धची एकदिवसीय मालिका तिला सोडावी लागली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने वेस्ट इंडिजविरुद्ध ७४ धावा काढल्या. बोटाचे हाड सरळ असेल तर ते असे लवकर सांधते.

शस्त्रक्रिया ठरवताना तज्ज्ञ तीन प्रश्न विचारतो. तुकडे जागेवर आहेत का? तिथला रक्तपुरवठा कसा आहे? आणि हा माणूस या पावलाकडून पुढे काय मागणार आहे? तिसरा प्रश्न रुग्णाने स्वतः सांगायचा असतो. ‘मला तीन महिन्यांनी भरतीला उतरायचे आहे’ हे डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा. त्यावरून उपचार बदलू शकतो. आणि तारीख शक्य नसेल तर तेही तेव्हाच कळते.

आता पुनर्वसन. शस्त्रक्रियेचे यश निम्मे इथे ठरते. जोन्स फ्रॅक्चरचा सर्वसाधारण क्रम असा: पहिले दोन आठवडे पाय टेकवायचा नाही, जास्तीत जास्त वेळ उशांवर उंच ठेवायचा, बोटे हलवत राहायची. टाके निघाले की चालण्याचा बूट आणि कुबड्यांसह हळूहळू वजन. साधारण सहाव्या आठवड्यात एक्स-रे. त्यात जुळणी दिसली तर बुटाऐवजी टणक तळव्याचे शूज. या काळात मांडी, कंबर आणि दुसरा पाय यांचे व्यायाम चालूच ठेवायचे. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिली तर, स्वच्छ पाण्यात पोहता येते. मग पिंढरीची ताकद, एका पायावर तोल, जमिनीवर पसरलेला टॉवेल बोटांनी गोळा करणे. अर्धा तास भरभर चालून दुखले नाही तरच मंद धाव, एक दिवस आड. शेवटी वळणे, उड्या, अचानक थांबणे. सगळे सुरळीत झाले तर स्पर्धेला अडीच-तीन महिने लागतात. वेळापत्रकापेक्षा कसोट्या पाहाव्यात: तुटीच्या जागी दाबल्यावर दुखत नाही, एक्स-रे किंवा सीटीत हाड जुळले आहे, एका पायावर टाच उचलणे आणि लंगडी घालणे दोन्ही पायांनी जवळपास सारखे जमते. एकही कसोटी राहिली असेल तर थांबावे.

काही खुणा मात्र रात्री-अपरात्री दवाखाना गाठायला लावणाऱ्या आहेत: प्लास्टरच्या आत वाढत जाणारी असह्य कळ, बोटे बधिर किंवा निळी पडणे, जखमेतून पू, ताप, पिंढरीला एकाएकी सूज आणि दुखणे, धाप लागणे.

हाड जुळते ते खाल्लेल्या अन्नातून. वजन कमी ठेवण्यासाठी उपाशी राहून धावणाऱ्या मुलींची पाळी थांबली तर ती हाडे कमजोर होत असल्याची सूचना समजावी. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून ऊर्जेच्या या तुटीकडे सर्व खेळाडूंचे, मुलांचेही, लक्ष वेधले आहे. भाकरी, डाळ, दूध, अंडी, नाचणी, तीळ यांतून बरेच साधते. ड जीवनसत्त्व कमी असेल तर तपासून औषध घ्यावे. आणि तंबाखू. मशेरी असो, गुटखा असो वा विडी, निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते आणि आधीच रक्ताला पारख्या असलेल्या हाडाची उपासमार करते. शस्त्रक्रियेआधी तंबाखू सुटली पाहिजे.

शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे हा या पट्ट्यातल्या प्रत्येक धावणाऱ्या मुलाचा नायक आहे. तो सैन्यात भरती झाला आणि तिथे धावपटू म्हणून घडला. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. प्रत्येक उतरणीचा भार एका पावलावर येतो. घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची २०१८ ची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंद. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्याच्या उडीवर पडून त्याचा गुडघा दुखावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच महिन्यात मँचेस्टरला ऋषभ पंत पावलाचे हाड मोडलेले असताना पुन्हा फलंदाजीला आला आणि त्याने अर्धशतक पूर्ण केले. त्या धैर्याला सर्वांनी दाद दिली. त्यानंतर तो तीन महिन्यांहून अधिक काळ मैदानाबाहेर होता. धैर्याची ती दुसरी बाजू खेळाडूने जास्त शिकावी, असे मला मनापासून वाटते.

मोठ्या शहरात जे सहज मिळते ते खर्ड्यात मिळत नाही. एमआरआयसाठी मोठे गाव गाठावे लागते. पण पहिली पारख गावातच होऊ शकते. १९९२ मध्ये कॅनडातल्या ऑटावाच्या डॉक्टरांनी मांडलेले नियम साधे आहेत: पावलाला मार लागल्यावर पाचव्या मेटाटार्सलच्या मुळावर किंवा नेव्हिक्युलरवर दाबून दुखत असेल, किंवा चार पावलेही चालता येत नसतील, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. स्ट्रेस फ्रॅक्चरचा खेळाडू चालू शकतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळा नियम: एका बोटाने दाखवता येईल अशा हाडावरच्या जागी दुखणे, जे धावल्यावर वाढते, ते डॉक्टरांनी नाकारेपर्यंत अस्थिभंगच समजावे.

ही पारख सामान्य माणसाच्या हाती देता येते, याचा दाखला याच तालुक्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अक्षरओळख नसलेल्या गावातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले आणि त्या बायकांनी आपापल्या गावांचे आरोग्य बदलून दाखवले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच प्रकल्पाच्या कार्यशाळेत स्थानिक कारागीर जयपूर फूट बनवू लागले आणि पाय गमावलेली माणसे पुन्हा शेतात उभी राहिली. ज्या तालुक्यात कृत्रिम पाऊल बनवता येते, तिथे खऱ्या पावलातली चीर वेळेवर ओळखणे अशक्य नाही.

या शास्त्रात अजून पुष्कळ काम बाकी आहे. उपलब्ध अभ्यास बहुतांशी फुटबॉल, बास्केटबॉल आणि परदेशी सैनिकांवरचे आहेत. अनवाणी खेळला जाणारा खो-खो, मातीवरून मॅटवर गेलेली कबड्डी, मुरमाड रस्त्यावर स्वस्त बुटांनी होणारा भरतीचा सराव, यांचा पावलावर काय परिणाम होतो, हे आपल्याच डॉक्टरांनी आणि क्रीडाशिक्षकांनी नोंदवायचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघाने पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. इतक्या उंचीवर गेलेल्या खेळाचे वैद्यकही त्याच उंचीचे हवे. प्रत्येक अकॅडमीने एक वही ठेवावी: कोण किती पळाला, काय घालून पळाला, कुठे दुखले, किती दिवस थांबला. अशा वह्यांतूनच पुढचे संशोधन उभे राहील.

शेवटी वाचकाला विनंती. मार्गदर्शकांनो, दुखणाऱ्या मुलाला भित्रा म्हणू नका. त्याला बूट काढायला सांगा आणि पाऊल दाबून पाहा. आईबाबांनो, शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर घाबरू नका, पण हाड नेमके कुठे मोडले आहे आणि शस्त्रक्रिया कशासाठी, हे विचारल्याशिवाय सही करू नका. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, याची रुग्णालयात चौकशी करा. आणि धावणाऱ्या मुला-मुलींनो, एक भरती हुकली तर पुढची येते. एकाच जागी दुखत असेल तर उद्याचा सराव थांबवा आणि पाऊल तपासून घ्या.